निकालाचे वाचन : मालाडच्या महापालिका शाळांच्या निमित्ताने

१

दरवर्षी मे-जूनच्या सुमारास माध्यमिक शालान्त परीक्षेचा निकाल लागतो आणि मराठी वृत्तपत्रांतून एक ठरीव वाङ्मयप्रकार अवतरतो. विभागवार टक्केवारी, मुलींनी मारलेली बाजी, शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळांची यादी, आणि पानाच्या तळाशी एक चौकट. या चौकटीत धुणीभांडी करणाऱ्या आईचा किंवा रिक्षा चालवणाऱ्या बापाचा एखादा मुलगा असतो. तो महापालिकेच्या शाळेत शिकलेला असतो, दहा बाय दहाच्या खोलीत त्याने अभ्यास केलेला असतो आणि त्याला नव्वदच्या वर टक्के मिळालेले असतात. मथळा असतो 'परिस्थितीवर मात'.

याला वाङ्मयप्रकार म्हटले ते चेष्टेने नव्हे. त्याला रचना आहे, नायक आहे, ठरलेला भाव आहे आणि त्यामागे एक मूल्यदृष्टीही आहे. ती मूल्यदृष्टी अशी की, परिस्थिती ही पावसासारखी आकाशातून पडते. तिला कर्ता नसतो. ती फक्त ओलांडायची असते. एकाने ती ओलांडली म्हणजे उरलेल्यांना ती ओलांडता आली असती, हे न बोलता सिद्ध होते. म्हणजे एका मुलाच्या कौतुकातून शेकडो मुलांवर ठपका ठेवण्याचे काम ही चौकट करते, आणि तेही अत्यंत सहानुभूतीच्या भाषेत.

दलित समीक्षेने मराठी कथा-कादंबरीतली, कवितेतली, नाटकातली प्रस्थापित मूल्यदृष्टी उकलून दाखवली. कुणाचे दुःख दुःख म्हणून मोजले जाते आणि कुणाचे नाही, हा प्रश्न तिने विचारला. परंतु जो मजकूर आपल्या घरात कुठल्याही कादंबरीपेक्षा अधिक वाचला जातो, ज्याच्यावर आपल्या मुलांचे आयुष्य प्रत्यक्ष ठरते, तो निकाल नावाचा मजकूर मात्र आपण जसाच्या तसा स्वीकारीत आलो. तो वाचला पाहिजे, आणि तो लिहिणाऱ्यांनी काय गाळले हे पाहिले पाहिजे. त्यासाठी मालाड हे स्थळ मी घेत आहे. मुंबईच्या उपनगरांत जे घडते आहे ते सगळे येथे दाटीवाटीने एकत्र आलेले आहे.

२

आधी आकडे घेऊ. २०१८ साली दहावीचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० साली ९५.३० टक्के झाला आणि २०२१ साली ९९.९५ टक्के. मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांचे याच काळातले आकडे अधिक बोलके आहेत. २०१९ साली त्यांचा निकाल ५३ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातली जवळपास निम्मी मुले नापास. आणि लगेच २०२० साली तोच निकाल ९३ टक्क्यांच्या वर.

एका वर्षात काय बदलले? शाळा त्याच होत्या, शिक्षक तेच होते, वस्त्या त्याच होत्या. मुलांची बुद्धी बारा महिन्यांत चाळीस टक्क्यांनी वाढली असे म्हणायला कुणी धजणार नाही. बदलली होती ती मोजपट्टी. २०१९च्या परीक्षेसाठी भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकण्यात आले होते आणि अभ्यासक्रमही नवा होता. निकाल कोसळताच ते वीस गुण पुढच्या वर्षासाठी परत देण्यात आले. २०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि त्याचे गुण सरासरीने दिले गेले. २०२१ साली परीक्षाच झाली नाही. नववी-दहावीच्या शाळेतल्या कामावरून गुण दिले गेले.

यावरून दोन निष्कर्ष निघतात आणि दोन्ही एकत्र ध्यानात ठेवले पाहिजेत. पहिला असा की, वीस गुण काढल्यावर राज्याचा निकाल बारा टक्क्यांनी खाली येतो. परंतु महापालिकेच्या मुलांना त्याचा फटका त्याहून पुष्कळ मोठा बसतो. कारण उघड आहे. ज्याच्या घरात शिकवणी आहे, मार्गदर्शक पुस्तके आहेत, आईबाप उत्तरपत्रिका समोर घेऊन बसतात, त्याला शंभर गुणांचा लेखी पेपर हा वीस गुणांचाच प्रश्न असतो. ज्याची शाळा हीच एकमेव शिक्षणाची जागा, तो त्या वीस गुणांच्या आधाराने उभा असतो. दुसरा निष्कर्ष आपल्याला तितकासा सुखाचा नाही. ९३ टक्के हा आकडाही सत्य नव्हे. वीस गुण सढळ हाताने वाटून मुलाला पस्तीसपर्यंत आणून सोडणे म्हणजे त्याला शिकवणे नव्हे. ५३ हा आकडा आपल्या मुलांचा अपमान करतो आणि ९३ हा आकडा त्यांची फसवणूक करतो.

ते वीस गुण परत आले ते कोणासाठी, हेही पाहिले पाहिजे. सार्वजनिक चर्चेत गाजलेला मुद्दा असा होता की, इतर मंडळांच्या मुलांना अंतर्गत गुण मिळतात, त्यामुळे अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची हुशार मुले मागे पडतात. चुरस नव्वद टक्क्यांच्या वरची होती. नापास झालेल्या निम्म्या मुलांचा आक्रोश त्या चर्चेत क्वचितच होता. हे नवीन नाही. २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र आले, २००९ साली नव्वद-दहाचे सूत्र आले, २०१० साली 'बेस्ट फाइव्ह' आले. पहिली दोन न्यायालयात टिकली नाहीत, तिसरे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन टिकले. शासनाची आणि वृत्तपत्रांची एवढी बुद्धी आणि एवढा वेळ खर्ची पडला तो वरच्या दहा टक्क्यांत कोण कोणाच्या पुढे उभे राहणार यावर. रांगेबाहेर फेकल्या गेलेल्यांसाठी असे एकही सूत्र कधी इतक्या निकराने लढवले गेले नाही.

३

आता ही मुले कोण, ते पाहू.

मालाड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. रेल्वेने त्याचे दोन तुकडे केले आहेत. पश्चिमेला ऑर्लेमसारखी जुनी ख्रिस्ती वस्ती, मढ-भाटीचे कोळीवाडे, एव्हरशाइन नगरच्या इमारती, लिंक रोडवरचे मॉल आणि काचेची कार्यालये; आणि मार्वे रस्त्याने पुढे गेले की मालवणी. पूर्वेला स्टेशनजवळच्या जुन्या चाळी व सोसायट्या, मग कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाडा, आंबेडकर नगर, आणि त्यामागे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या पी-उत्तर विभागाची लोकसंख्या नऊ लाख चाळीस हजारांच्या आसपास होती. महाराष्ट्रातल्या कितीतरी शहरांपेक्षा ही संख्या मोठी आहे.

मालवणी ही आपोआप वाढलेली वस्ती नाही, ती वसवलेली वस्ती आहे. सत्तरीच्या दशकात शहरातून उठवलेल्या झोपडीवासीयांना येथे खाजणात आणून टाकले. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जातून चारकोप, गोराई आणि मालवणी येथे जमिनीचे तुकडे पाडून वसाहती उभ्या केल्या. पुढे खाजणाच्या काठाने अंबुजवाडी वाढली. २००४-०५च्या हिवाळ्यात मुंबईभर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या त्यांत अंबुजवाडीही होती. शाळेचे वर्ष चालू असताना घर पडते, दप्तर ढिगाऱ्याखाली जाते, मूल गावी पाठवले जाते किंवा दुसऱ्या टोकाला जाऊन राहते. पुढच्या जूनमध्ये हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा पडतो. परिस्थितीला कर्ता असतो तो असा.

जून २०१५ मध्ये मालवणीच्या लक्ष्मीनगरात विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. जुलै २०१९ मध्ये, दहावीचा तो कोसळलेला निकाल लागून महिनाही झाला नव्हता तेव्हा, मालाड पूर्वेला जलाशयाची भिंत पिंपरीपाडा-आंबेडकर नगरच्या झोपड्यांवर कोसळली आणि तीसच्या आसपास माणसे गेली. मेलेल्यांची मुले, भावंडे, शेजारी कोणत्या शाळांत जात होती हे सांगायला नको. या घटना आणि निकाल यांचा संबंध कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही. वृत्तपत्रात त्या वेगळ्या पानांवर छापल्या जातात.

या वस्त्यांत मराठवाड्यातून आणि विदर्भातून दुष्काळाने लोटलेली बौद्ध आणि मातंग कुटुंबे आहेत, भटके-विमुक्त आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले मुसलमान आणि जाटव आहेत, तमीळ आणि कानडी मुलखातले दलित आहेत. महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमीळ, तेलुगू, कानडी अशा आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि हे भाषिक औदार्य खरोखरीचे आहे. परंतु भाषेच्या या आठ रकान्यांखाली एक नववा रकाना लपलेला आहे तो जातीचा, आणि तेथे कायद्याने विचित्र चमत्कार करून ठेवला आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला मिळण्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख आहे. मराठवाड्यातून आलेला मजूर आजोबाच्या नावाचा शाळेचा कागद कुठून आणणार? आजोबाला शाळेत घेतले नव्हते म्हणूनच तर त्याला दाखला हवा आहे. उत्तर प्रदेशातून आलेल्या जाटवाचे दुखणे आणखी वेगळे. सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली मारी चंद्रशेखर राव खटल्यात स्पष्ट केले की, एका राज्यातला अनुसूचित जातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला म्हणजे त्या राज्यातल्या सवलतींचा हक्क त्याला राहत नाही. म्हणजे तो गावी अस्पृश्य असतो, मालवणीतही त्याच्या कामावरून आणि आडनावावरून ओळखला जातो, फक्त अकरावीच्या प्रवेश अर्जावर तो एकाएकी सवर्णांच्या रांगेत उभा केला जातो. धर्मांतरित ख्रिस्ती आणि मुसलमान दलित तर या यादीत मुळातच नाहीत. बौद्धांनाही केंद्राच्या यादीत स्थान मिळायला १९९० साल उजाडावे लागले.

झोपडीला १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० ही तारीख, जातीला १९५०ची तारीख. तारखांच्या या दोन कुंपणांमधून जो निसटून आत येईल त्याचेच शिक्षण पुढे सरकते. 'मागासवर्गीय विद्यार्थ्यांचा निकाल' असे जे आकडे आपल्याला मिळतात त्यांत आपली कितीतरी मुले गणलीच गेलेली नाहीत, कारण ती कागदावर मागासवर्गीय नाहीत.

४

टक्केवारी काढताना भागायचे कशाने, हा खरा प्रश्न आहे. निकालाची टक्केवारी ही परीक्षेला बसलेल्यांच्या संख्येने भागून निघते. बसलेच नाहीत त्यांचे काय?

मुंबई महापालिका अधिनियम १८८८चा आहे. त्याच्या कलम ६१ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि त्यांत प्राथमिक शिक्षण आहे. प्राथमिकच्या पुढचे शिक्षण कलम ६३ मध्ये, म्हणजे करावे वाटल्यास करावे अशा कर्तव्यांत आहे. या दोन कलमांमधले अंतर आज इमारतींच्या रूपाने उभे आहे. महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या मानाने तिच्या माध्यमिक शाळांची संख्या पाव हिश्शाच्या आसपास भरते. सातवी-आठवीपर्यंत शाळा वस्तीच्या तोंडाशी असते; नववीसाठी मुलाला आणि विशेषतः मुलीला रस्ता ओलांडून, बस पकडून, कधी माध्यम बदलून दुसरीकडे जावे लागते. हिंदी, उर्दू, तमीळ माध्यमाच्या मुलांची ही वाट आणखी अरुंद. २००९चा शिक्षणहक्काचा कायदाही चौदा वर्षांच्या वयाशी आणि आठवीच्या वर्गाशी येऊन थांबतो. खासगी शाळेत पंचवीस टक्के राखीव जागेवर शिकलेल्या मुलाला नववीत गेल्याबरोबर पूर्ण फीची पावती हातात पडते.

मग नववीची चाळणी लागते. शाळेचा दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्च्या मुलाला नववीतच थांबवायचे, किंवा त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचे, ही युक्ती शिक्षणक्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. तिच्यासाठी शिक्षकांना सरसकट दोषी धरणे मला मान्य नाही. ज्याच्या डोक्यावर निकालाच्या टक्केवारीची टांगती तलवार आहे, ज्याला वर्षातले कित्येक दिवस मतदारयाद्यांच्या आणि सर्वेक्षणाच्या कामाला जुंपले जाते, तो माणूस मोजणीच्या युक्तीकडे वळणारच. मोजपट्टी भ्रष्ट असली की ती हाती धरणारा प्रत्येक हात थोडाथोडा भ्रष्ट होतो.

याविषयी आपल्याला नवे शास्त्र शोधायचे नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच प्रश्न आकड्यांनिशी मांडला होता. शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांतली फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच भाषणात त्यांनी सरकार शिक्षणावर दरडोई खर्च करते चौदा आणे आणि अबकारीतून दरडोई वसूल करते दोन रुपयांवर, याकडे बोट दाखवले. ही दोन वाक्ये आजच्या शिक्षणसमीक्षेचा पाया ठरू शकतात. बाबासाहेबांनी परीक्षेला बसलेल्यांतले किती पास असे विचारले नाही. दारातून आत आलेल्यांतले किती शेवटपर्यंत पोहोचले असे विचारले. त्यांच्या आधी १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी विचारले होते की, शेतकऱ्याच्या घामातून जमा झालेला महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का उधळला जातो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी का राहते. वरच्यांना शिकवले की विद्या झिरपत खाली येईल हा सिद्धान्त त्यांनी तेव्हाच खोडून काढला होता.

मालाडमध्ये पहिलीत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी दहा वर्षांनी दहावीच्या परीक्षागृहात किती बसली, त्यांत मुली किती, कोणत्या माध्यमाच्या, कोणत्या जातीच्या, आणि जी बसली नाहीत ती कुठे गेली, हा हिशेब ज्या दिवशी वॉर्डावार जाहीर होईल त्या दिवशी निकाल या शब्दाला अर्थ येईल. तोपर्यंत ५३ असो की ९३, ती वाटेत गळून गेलेल्यांना वगळून केलेली बेरीज आहे.

५

येथे एक प्रतिवाद येतो आणि तो हलका नाही. महापालिका आता बदलते आहे, असे म्हटले जाते. 'मुंबई पब्लिक स्कूल' हे नवे नाव आले. २०२१ साली केंद्रीय मंडळाच्या शाळा सुरू झाल्या. मालाडला जनकल्याण नगर आणि दिंडोशी येथे त्या निघाल्या. तेथे प्रवेशासाठी झुंबड उडते, सोडत काढावी लागते. पालक महापालिकेच्या शाळेच्या दारात रांग लावतात, ही गोष्ट पूर्वीच्या पिढीला खरी वाटली नसती. गरिबाला तेच मंडळ, तेच पुस्तक, तीच भाषा मिळाली तर त्यात वाईट काय?

वाईट काहीच नाही. जे वरच्यांना मिळते ते आपल्याला मिळावे ही मागणी आपलीच आहे. परंतु हक्क आणि सोडत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कात कुणाचे नाव चिठ्ठीत निघावे लागत नाही. एका वॉर्डात दोन चकचकीत शाळा आणि बाकीच्या डझनावारी शाळा होत्या तशाच, असे झाले तर महापालिकेच्या छताखालीच नवी वर्णव्यवस्था उभी राहते. जागरूक, कागदपत्रे हाताशी असलेले, अर्ज भरू शकणारे पालक एका शाळेकडे जातात. स्थलांतरित, अर्धशिक्षित, रोज नव्या नाक्यावर काम शोधणारे पालक दुसरीकडे. मग दुसऱ्या शाळेचा निकाल खाली येतो, पट घटतो, आणि ती शाळा बंद करण्यास किंवा खासगी संस्थेच्या हवाली करण्यास तोच निकाल पुरावा म्हणून पुढे केला जातो. खासगी भागीदारीचे धोरण तर महापालिकेने २०१३ सालीच आणले आहे. निकाल हे निदान असायला हवे होते. ते हुकूमनामा झाले आहे.

राज्यानेही हाच रस्ता धरला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये, शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला पंचवीस टक्के जागांचे बंधन नाही, अशी अधिसूचना निघाली. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. महापालिकेची शाळा जवळ आहे, हेच कारण गरिबाच्या मुलाला शेजारच्या शाळेबाहेर ठेवायला वापरले जाणार होते. सार्वजनिक शाळेला अस्पृश्यांचा पाणवठा करून टाकण्याचीच ही रीत होती.

मराठी माध्यमाचा प्रश्नही येथे घेतला पाहिजे, कारण त्यावरून आपल्यावर नेहमी आरोप होतो. गेल्या दहाबारा वर्षांत महापालिकेच्या मराठी शाळा शंभरावर कमी झाल्या. या शाळा वाचवा म्हणून सभा होतात, परिसंवाद होतात, आणि व्यासपीठावर बसलेल्यांची नातवंडे इंग्रजी शाळांतून घरी परतलेली असतात. मराठी टिकवण्याचे ओझे मालवणीतल्या आणि कुरारमधल्या मुलांनी वाहावे आणि इंग्रजीची फळे इतरांनी चाखावीत, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. सावित्रीबाईंनी १८५४ सालच्या 'काव्यफुले'त इंग्रजीचा पुरस्कार केला तो मराठीच्या द्वेषाने नव्हे. तिच्यात त्यांना मनूच्या तावडीतून सुटण्याची वाट दिसली होती. परंतु एवढे म्हटल्यावर हेही म्हटले पाहिजे की, ज्या वर्गात शिक्षकाला इंग्रजी बोलता येत नाही आणि मुलाला समजत नाही, त्या वर्गाला इंग्रजी माध्यम म्हणणे ही नुसती पाटी आहे. मी पदवीच्या वर्गाला शिकवतो. अशा पाटीखाली दहा वर्षे बसून आलेली मुले-मुली माझ्यासमोर बसतात. त्यांना मराठीत नीट लिहिता येत नाही, इंग्रजीत बोलता येत नाही, आणि आपल्याला काही येत नाही ही एकच गोष्ट त्यांना पक्की शिकवली गेलेली असते.

६

शेवटी आपल्या स्वतःच्या साहित्याकडे वळतो, कारण हा लेख त्याशिवाय अपुरा राहील.

दलित आत्मकथनांत शाळा हे मध्यवर्ती स्थळ आहे. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण मानेंचे 'उपरा' (१९८०), कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१), शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) यांतून वर्गाबाहेर बसलेले मूल, मास्तराची छडी, बोर्डिंगातले जेवण, संस्कृत शिकू पाहणाऱ्या मुलीकडे वळलेल्या नजरा, हे सारे मराठी वाचकापुढे पहिल्यांदा आले. त्या लेखनाने मराठी साहित्यातली साने गुरुजी छापाची शाळा कायमची मोडीत काढली. त्याचे ऋण आपण सगळेच मानतो.

पण एक गोष्ट पाहा. आत्मकथन लिहिणारा हा बहुधा उत्तीर्ण झालेला माणूस असतो. शाळेतून तो पार पडला म्हणूनच त्याच्या हाती लेखणी आली. त्यामुळे कितीही विद्रोही असले तरी या लेखनाच्या खोलवर एक आलेख असतो : अंधार, शाळा, छळ, पदवी, जाणीव. आणि हाच आलेख वृत्तपत्राच्या त्या चौकटीने उचलला आहे. तिने आपल्या आत्मकथनातला विद्रोह काढून टाकला आणि 'परिस्थितीवर मात' तेवढी ठेवली. प्रस्थापितांना दलित आत्मकथन पचवता आले ते या वाटेने. याचा दोष आत्मकथनकारांना देता येणार नाही. परंतु पुढच्या समीक्षेने हे ओळखले पाहिजे.

जे नापास झाले त्यांचे साहित्य कुठे आहे? आपल्याकडे त्याची परंपरा नाही असेही नाही. अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले असे सांगितले जाते आणि घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) कोणत्याही विद्यापीठाने भाषा पुरवली नव्हती. हे दोघे निकालाच्या कोष्टकात बसत नाहीत आणि त्यांच्या लेखनात 'मात केली' असा सूरही नाही. ती वाट पुढे का खंडित झाली, याचा विचार झाला पाहिजे. सतरा नंबरचा फॉर्म भरून तीनदा गणितात गेलेला आणि आता घरोघरी पार्सले पोहोचवणारा अंबुजवाडीचा तरुण. नववीनंतर शाळा लांब म्हणून घरी बसवलेली, धाकट्या भावंडांना सांभाळत इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवणारी मुलगी. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती गेलेला तमीळ दलिताचा मुलगा. यांचे अनुभवविश्व मराठीत येत नाही, कारण ते लिहिणारा आपल्या मासिकांपर्यंत पोहोचत नाही, आणि आपण त्याच्यापर्यंत जात नाही.

आपण का जात नाही? कारण आपल्यातला जो वर्ग शिकला, नोकरीला लागला, सोसायटीत राहायला गेला, त्याची मुले आज महापालिकेच्या शाळेत नाहीत. बापाने मुलाला उत्तम शाळेत घालू नये असे कोण म्हणेल? परंतु शाळा सुटली की शाळेचा प्रश्नही सुटतो. ज्या वर्गाने एकेकाळी महापालिका शाळेच्या दारात मोर्चे नेले, त्याचा आवाज तेथून निघून गेला. या शाळांत उरले ते लोक, ज्यांना निवडणुकीखेरीज कुणी विचारत नाही. प्रतिवर्षी १४ एप्रिलला गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो तेव्हा आपणही तीच चौकट लावतो, फक्त निळ्या पार्श्वभूमीवर.

सत्कार बंद करावेत असे माझे म्हणणे नाही. कष्टाने मिळवलेल्या गुणांचा आनंद आपल्या वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाला नाही, तो मिळावाच. पण त्याच मांडवात दुसरा एक कागद वाचला जावा : आपल्या वस्तीतली किती मुले दहा वर्षांपूर्वी पहिलीत गेली होती, किती आज येथे आहेत, आणि उरलेली कुठे आहेत. हा कागद तयार करायला आयोग लागत नाही. मालाडसारख्या ठिकाणी वस्तीतल्या बुद्धविहाराला, महिला मंडळाला, महाविद्यालयातल्या दहा मुलांना एका उन्हाळ्यात तो करता येईल. गळालेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहायचे : शाळा लांब, घर पाडले, दाखला नाही, काम, लग्न, नववीत थांबवले. अशी यादी हाती असली म्हणजे महापालिकेला कलम ६३ची सबब सांगता येणार नाही आणि शासनाला टक्केवारीमागे लपता येणार नाही.

आपल्या समीक्षेलाही त्या यादीत काम आहे. त्या नावांमध्ये पुढचे लेखक आहेत. त्यांना उत्तीर्ण होण्याची अट न घालता त्यांचे म्हणणे ऐकून घेणे, त्यांच्या मोडक्या मराठीला, हिंदीमिश्रित मालवणीतल्या बोलीला छापील पानावर जागा देणे, हे या नियतकालिकांचे कर्तव्य आहे. शाळेने ज्यांना नापास ठरवले त्यांना साहित्यानेही नापास ठरवू नये.